डॅन्यूबच्या डाव्या तीराला स्वतःची पालिका हवी

सर्बियाची राजधानी असलेल्या बेलग्रेड शहराचा कारभार १७ 'ग्रादस्का ओप्श्तिना'मध्ये वाटलेला आहे. सोयीसाठी आपण त्यांना उपपालिका म्हणू. कायद्याच्या नजरेत या सतराही जणी साधारण एका पंक्तीतल्या असल्या, तरी जमिनीवर त्यांच्यात कमालीचा फरक आहे. व्राचार ही सगळ्यात लहान, तीन चौरस किलोमीटरही भरत नाही. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला अर्ध्या तासात चालत जाता येतं. पालिलुला मात्र सुमारे ४५० चौरस किलोमीटरची आहे आणि तिच्या मधोमध डॅन्यूब वाहते. उजव्या तीरावर ताश्मायदान उद्यानाजवळच्या जुन्या दगडी इमारती आणि ट्रॉलीबसचे रस्ते; डाव्या तीरावर मक्याची शेतं, कालवे, पंपघरं आणि परवानगीविना वाढलेल्या वस्त्या. या दोन भूगोलांवर राज्य मात्र एकाच कचेरीचं, तीही ताकोव्स्का रस्त्यावर, म्हणजे उजव्या तीरावर.

माझं म्हणणं असं की डावा तीर पालिलुलापासून वेगळा काढून त्याची स्वतंत्र उपपालिका करावी, आणि तिला ओब्रेनोवात्स किंवा लाझारेवात्स या उपपालिकांसारखा उपनगरी दर्जा द्यावा. ही मागणी तिकडच्या लोकांकडून अधूनमधून होतच असते. पण ती बहुतेक वेळा अस्मितेच्या आणि उपेक्षेच्या भाषेत मांडली जाते. तिची खरी ताकद पाण्यात, उतारात आणि पैशाच्या वाटपात आहे.

आधी उपपालिका म्हणजे नेमकं काय ते पाहू. सर्बियाच्या २००६ च्या राज्यघटनेतलं कलम १८९ सांगतं की शहराच्या सनदेने, म्हणजे 'स्तातुत'ने, शहराच्या हद्दीत दोन किंवा अधिक उपपालिका स्थापता येतात. बेलग्रेडसाठी २००७ चा राजधानी कायदा आहे आणि त्याखाली शहराची सनद. उपपालिकांना मिळणारा प्रत्येक अधिकार या सनदेतून येतो. घटनेने 'स्थानिक स्वराज्याचं एकक' मानलंय ते बेलग्रेड शहराला. उपपालिकेला तो दर्जा नाही. आपल्याकडच्या महापालिकेच्या प्रभाग कार्यालयापेक्षा ती नक्कीच मोठी आहे, कारण तिची निवडून आलेली सभा असते, सभेने निवडलेला अध्यक्ष असतो, कार्यकारी परिषद असते. पण तिच्या हातात काय उरतं? लहान बांधकामांच्या परवानग्या, बेकायदा बांधकामांची तपासणी आणि पाडकाम, आपत्तीच्या वेळचं स्थानिक नियंत्रण पथक, वस्ती पातळीवरच्या 'मेस्ना झायेद्नित्सा' नावाच्या समित्या, थोडी संस्कृती, थोडे खेळ. पाणी, सांडपाणी, बस, मुख्य रस्ते, कचरा आणि नगररचनेचे आराखडे हे सगळं शहराकडे.

दहा शहरी उपपालिकांपुरती ही रचना मला मान्य आहे. व्राचार आणि शेजारच्या स्तारी ग्राद यांच्यात रस्ता ओलांडला की हद्द बदलते. तिथे दोन वेगळ्या नळयोजना कुणाला हव्यात? उरलेल्या सात उपपालिका उपनगरी आहेत: बारायेवो, ग्रोत्स्का, लाझारेवात्स, म्लादेनोवात्स, ओब्रेनोवात्स, सोपोत आणि सुर्चिन. त्यांना सनदेने जास्तीचे अधिकार दिले आहेत, आणि त्यातल्या काहींच्या स्वतःच्या सेवा कंपन्या आहेत. ओब्रेनोवात्समध्ये पाणी आणि सांडपाणी स्थानिक कंपनी बघते. घरं गरम ठेवणारं पाणी शेजारच्या निकोला टेस्ला औष्णिक वीजकेंद्रातून येतं आणि तेही स्थानिक कंपनीच वाटते. गावात नळ फुटला तर जबाबदार माणूस गावातच बसतो.

पालिलुला मात्र शहरी दहांत मोजली जाते. ताश्मायदानच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबर आहे. पण तिच्या क्षेत्रफळाचा फार मोठा हिस्सा डाव्या तीरावरच्या पांचेवाच्की रित या सखल प्रदेशात आहे, आणि तो बारायेवो किंवा सोपोतपेक्षाही कमी 'शहरी' आहे.

या रितचा इतिहास जाणल्याशिवाय त्याची अडचण कळत नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत डॅन्यूबचा हा तीर हंगेरीच्या राज्यात, बनात या प्रदेशात होता, पलीकडे सर्बिया. ओव्चा गावात आजही रोमानियन भाषकांची जुनी वस्ती आहे. डॅन्यूब आणि तामिश या नद्यांमधला हा पट्टा दरवर्षी पाण्याखाली जायचा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे तटबंध घातले गेले, कालवे खणले गेले, आणि दलदलीची शेतजमीन झाली. १९३५ साली पांचेवो पूल झाला. युद्धात तो उद्ध्वस्त झाला आणि १९४६ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यानंतर तब्बल डिसेंबर २०१४ पर्यंत, उजव्या तीरावरचं झेमुन आणि डाव्या तीरावरचं बोर्चा यांना जोडणारा पुपिन पूल होईपर्यंत, बेलग्रेडमध्ये डॅन्यूबवर तो एकच पूल होता. सावा नदीवर एकामागून एक पूल झाले. डॅन्यूबपलीकडच्या लोकांनी रेल्वे आणि मोटारींच्या त्याच एका पुलावर दोन पिढ्या काढल्या.

रितची जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ७० ते ७३ मीटरवर आहे. मोठ्या पुरात डॅन्यूबचं पाणी ७५ मीटरच्या पुढे जातं. म्हणजे त्या दिवसांत नदी वर आणि माणसं खाली. पावसाचं पाणी उताराने नदीत जाऊच शकत नाही. ते कालव्यांतून पंपघरापर्यंत आणायचं आणि उपसून तटबंधापलीकडे टाकायचं. त्यात १९७२ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला जेर्दापचं धरण पूर्ण झालं. त्याचा फुगवटा बेलग्रेडपर्यंत पोचतो, त्यामुळे पूर्वी उन्हाळ्यात नदीची पातळी जितकी खाली जायची तितकी आता जात नाही. भूजलाला उतरायला जागाच राहिली नाही. पंप हा इथे बारमाही गरजेचा विषय आहे, पुरापुरता नाही.

अशा जमिनीवर बोर्चा, कर्न्याचा, कोतेझ या वस्त्या वाढल्या. १९९० च्या दशकातल्या युद्धांनंतर आलेल्या विस्थापित कुटुंबांनी इथे स्वस्त जमीन घेऊन घरं बांधली, बरीचशी परवानगीविना. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. डोक्यावर छप्पर हवं होतं आणि कायदेशीर घर त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. घरं आधी आली, नळ नंतर आले, गटारं अनेक गल्ल्यांत आलीच नाहीत.

गटार का येत नाही, याचं उत्तर नुसतं 'इच्छाशक्ती नाही' असं देणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. २०० मिलिमीटर व्यासाच्या सांडपाण्याच्या नळाला किलोमीटरमागे साधारण चार ते पाच मीटर उतार लागतो. त्यापेक्षा कमी दिला तर पाण्याचा वेग पडतो आणि गाळ तळाशी बसतो. उजव्या तीरावरच्या टेकड्यांत हा उतार रस्ता स्वतःच देतो. रितमध्ये जमीन सपाट. नळ दीड मीटर खोलीवर सुरू केला, तर एका किलोमीटरनंतर तो सहा मीटर खाली गेलेला असतो, आणि ओल्या मोसमात भूजल एक-दोन मीटरवरच लागतं. म्हणजे चरात पत्र्याच्या भिंती ठोकायच्या, दिवसरात्र पाणी उपसत काम करायचं, आणि दर काही अंतरावर सांडपाणी वर उचलणारं पंपघर बांधायचं. सांधे नीट बसले नाहीत तर भूजल नळात शिरतं, मग पंप घरांचं सांडपाणी उपसण्याऐवजी जमिनीचं पाणी उपसत बसतो आणि विजेचं बिल दुप्पट होतं. हे काम महाग आहे, आणि बांधून झाल्यावरही कायम देखभाल मागतं.

तोपर्यंत घरोघर शोषखड्डे. जिथे भूजल इतकं वर आहे तिथे शोषखड्डा शोषत नाही, उलट बाहेरचं पाणी आत घेतो. टँकर बोलावून तो रिकामा केला की थोड्याच दिवसांत पुन्हा भरलेला. प्रत्येक खेपेला पैसे मोजायचे. मग कुणीतरी रात्री पंप लावून तो रस्त्याकडेच्या चरात सोडतो. चरातून ते विझेल्य, कालोविता, सेबेश या कालव्यांत जातं. जे कालवे पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी खणले, ते उघडी गटारं होतात. त्यांत बोरू माजतो, गाळ साचतो, आणि पुढच्या मोठ्या पावसात तेच पाणी अंगणात परत येतं.

आता बोर्चातल्या एखाद्या अंगणात गुडघाभर पाणी साचलंय असं धरा आणि जबाबदारी कुणाची ते शोधा. मुख्य कालवा आणि पंपघर जलव्यवस्थापन कंपनीकडे. रस्त्याकडेचा चर शहराच्या रस्ते खात्याकडे. घरात गाडी नेण्यासाठी मालकाने चरावर टाकलेला सिमेंटचा नळ, जो बहुधा अरुंद असतो आणि ज्यात पालापाचोळा अडकलेला असतो, तो बेकायदा. म्हणजे त्याची नोटीस उपपालिकेच्या निरीक्षकाने काढायची. पाण्यातलं सांडपाणी शहराच्या जल-मलनिःसारण कंपनीचं. तटबंधातून पाझर असेल तर पुन्हा जलव्यवस्थापन. पाणी एकच, पण अर्ज चार. प्रत्येक जण आपल्यापुरतं खरं बोलतो आणि पाणी तिथेच राहतं. या चौघांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आज ज्या कचेरीकडे असायला हवा, तिच्याकडे फक्त तो सिमेंटचा नळ काढायची नोटीस आहे. तीही ती सहसा काढत नाही, कारण नोटीस काढली तर संपूर्ण गल्लीला काढावी लागेल.

विशेष म्हणजे अभियंत्यांनी हे विभाजन कधीच मान्य केलंय. बेलग्रेडच्या सांडपाण्याच्या आराखड्यात मध्यवर्ती प्रणाली वेगळी, तिचं शुद्धीकरण केंद्र उजव्या तीरावर वेलिको सेलोला योजलेलं; आणि डाव्या तीरासाठी 'बनात' प्रणाली वेगळी, तिचं केंद्र कर्न्याचाला. (शहराचं सांडपाणी दशकानुदशकं शुद्धीकरणाविना नद्यांत सोडलं गेलंय, ही स्वतंत्र लाजेची गोष्ट आहे.) नळांच्या नकाशात दोन तीर दोन प्रणाली आहेत. कारभाराच्या नकाशात मात्र एकच पालिलुला.

निवडणुकीची पद्धत या दरीत भर घालते. सर्बियात स्थानिक निवडणूक पक्षांच्या याद्यांवर, प्रमाणशीर पद्धतीने होते आणि संपूर्ण उपपालिका हा एकच मतदारसंघ असतो. २०२० पासून यादीला किमान तीन टक्के मतं लागतात. वॉर्ड नाहीत. त्यामुळे डाव्या तीरावरच्या पाडिन्स्का स्केला गावाचा असा कुणी सदस्य नसतो. असलाच तर पक्षाने यादीत वरच्या जागी घेतलेला असतो म्हणून असतो. त्याचं पुढचं तिकीट यादी करणाऱ्यांच्या हातात, गावकऱ्यांच्या नाही. वस्ती समित्या आहेत, पण त्यांना ना निधी ना निर्णय.

पैशाचं गणितही असंच. पगारावरच्या कराचा हिस्सा केंद्राकडून येतो तो शहराला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर साध्या पालिकांना ७४ टक्के, शहरांना ७७ आणि बेलग्रेडला ६६. त्या रकमेतून आणि मालमत्ता करातून कोणत्या उपपालिकेला किती द्यायचं, हे शहराची सभा दरवर्षी स्वतंत्र ठरावाने ठरवते. पुढच्या वर्षी किती मिळणार हे उपपालिकेला आधी माहीत नसतं. गटाराच्या पंपघरासारखं काम तीन-चार वर्षं चालतं. एका वर्षाच्या भरवशावर ते कुणी सुरू करत नाही. मग पैसे खर्च होतात ते लगेच दिसणाऱ्या गोष्टींवर, बाक, खेळणी, डांबराचा पातळ थर.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: नवी उपपालिका म्हणजे नव्या खुर्च्या. हा आक्षेप मी हलका मानत नाही. सर्बियातल्याच क्रागुयेवात्स शहराने २००२ मध्ये पाच उपपालिका केल्या आणि २००८ मध्ये त्या गुंडाळल्या. नोवी सादमध्ये पेत्रोवारादिन ही उपपालिका वर्षानुवर्षं कागदावरच होती आणि २०१९ मध्ये सनदेतून गेली. नीशमध्ये पाच उपपालिका आहेत आणि त्या ठेवाव्यात का, हा वाद तिथे चालूच असतो. माझ्या मते क्रागुयेवात्सचं चुकलं ते असं की एका सलग शहराला रेषा मारून तुकडे केले. त्या तुकड्यांना स्वतःचं असं काही काम नव्हतं. याउलट पोझारेवात्सच्या हद्दीतलं कोस्तोलात्स पाहा. तिथे कोळशाची खाण आणि वीजकेंद्र, राखेचे ढीग, त्यांतून येणारी धूळ. मुख्य शहरापेक्षा वेगळा प्रश्न, म्हणून वेगळी उपपालिका. उझित्सेजवळच्या सेवोय्नोचं तसंच, तिथे तांब्याचा कारखाना. जिथे जमिनीचं दुखणं वेगळं आहे तिथे वेगळ्या कारभाराला काम मिळतं. डावा तीर या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नुसतं वेगळं झाल्याने सत्ता मिळते असं नाही. सुर्चिन २००३ मध्ये शहराच्या निर्णयाने झेमुनपासून वेगळं झालं. आज तिथल्या सगळ्यात मोठ्या बांधकामाचा, २०२७ च्या एक्स्पो या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा निर्णय खास राष्ट्रीय कायद्याने झालाय. ग्रोत्स्का उपनगरी आहे, तरी शहराचा कचरा १९७७ पासून तिच्या हद्दीतल्या विंचा गावात पडत आला आणि २०२१ मध्ये तिथल्या आगीचा धूर शहरभर पसरला. साव्स्की वेनात्स या शहरी उपपालिकेतल्या सावाकाठच्या महाप्रकल्पासाठी २०१५ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. डाव्या तीरावरही हेच झालंय: रितमधली बरीचशी जमीन कसणाऱ्या सरकारी कृषी कंपनीची मालमत्ता, सुमारे १७ हजार हेक्टर, २०१८ मध्ये अमिरातीतल्या अल दाहरा कंपनीला विकली गेली आणि तो निर्णय सरकारच्या पातळीवर झाला. त्या शेतांतून जाणारे कालवे मात्र वस्त्यांच्या पाण्याशी जोडलेले आहेत.

म्हणून नव्या उपपालिकेची पाटी लावून भागणार नाही. सनदेत काय लिहिलं जातं त्यावर सगळं अवलंबून आहे. मे २०१४ चा ओब्रेनोवात्सचा पूर इथे आठवावा लागतो. सावा, कोलुबारा आणि ताम्नावा यांच्या मधलं ते गाव. कोलुबाराचं पाणी तटबंध ओलांडून आत आलं आणि जवळजवळ सारं गाव पाण्यात गेलं. २५ हजारांच्या आसपास लोकांना हलवावं लागलं. लोकांना केव्हा बाहेर काढायचं आणि तो हुकूम कुणी द्यायचा, यावर नंतर बराच काळ वाद झाला, कारण उपपालिका, शहर आणि सरकार अशी तीन नियंत्रण पथकं होती. ओब्रेनोवात्सला स्वतःची नळ कंपनी होती, पण तटबंधाची देखभाल तिच्या हातात नव्हती. उपनगरी दर्जातलं हे भोक डाव्या तीरासाठी आधीच बुजवायला हवं.

कायद्याची वाट अवघड नाही. बेलग्रेडच्या सभेत ११० सदस्य आहेत. सनद बदलायला एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, म्हणजे ५६ मतं. घटनादुरुस्ती नको, संसद नको. हद्द आखायलाही भांडण नाही: डॅन्यूबच्या मधोमध रेषा, आणि कर्न्याचा, बोर्चा, ओव्चा, कोविलोवो, कोमारेवा हुम्का, बेस्नी फोक अशी जमीन-नोंदणीतली गावं सबंधच्या सबंध पलीकडे. एकही गल्ली दोन कचेऱ्यांत विभागली जात नाही. नदीतलं 'मोठं युद्धबेट' नावाचं बेट झेमुनकडे आहे, ते तसंच राहावं. कचेरी बोर्चाला असावी आणि पाडिन्स्का स्केलाला रोज उघडी असणारी खिडकी. कर्मचारी ताकोव्स्कातल्या कचेरीतूनच बदलीने यावेत. बांधकाम परवानगी आणि निरीक्षण विभागातले डाव्या तीराची प्रकरणं हाताळणारे लोक आजही आहेतच.

पैशासाठी दरवर्षीचा ठराव पुरेसा नाही. मालमत्ता कराची नोंद भूखंडनिहाय असते, त्यामुळे डाव्या तीरावरून किती कर जमतो हे शहराच्या महसूल खात्याला काढता येईल. त्या रकमेचा ठरलेला हिस्सा किमान चार वर्षांसाठी, म्हणजे सभेच्या एका मुदतीसाठी, सनदेतच बांधून द्यावा. मोठे नळ आणि शुद्धीकरण केंद्र शहराच्या कंपनीकडेच राहावं. एवढ्या लहान वस्तीला ते झेपणार नाही आणि मी तसं सुचवतही नाही. पण गल्लीतले नळ, सांडपाणी वर उचलणारी छोटी पंपघरं, रस्त्याकडेचे चर आणि दुय्यम कालवे उपपालिकेच्या एका खात्याखाली यावेत. चरावरचे बेकायदा नळ पाडण्याऐवजी ठरावीक व्यासाचे नळ उपपालिकेने स्वतः बसवून द्यावेत आणि खर्च हप्त्याने घ्यावा. दंडापेक्षा हे स्वस्त पडतं आणि चर मोकळा राहतो.

आणि जलव्यवस्थापन कंपनीवर सनदेतून बंधन घालता येत नसेल, तर शहराने तिच्याशी करार करावा: प्रत्येक पंपघराची रोजची पातळी, चालू तास आणि बंद पडलेला पंप यांची नोंद त्याच दिवशी बोर्चाच्या कचेरीत यावी, आणि कालव्याची साफसफाई वर्षातून दोनदा, मार्चपूर्वी आणि ऑक्टोबरमध्ये, उपपालिकेच्या सहीशिवाय पूर्ण झाली असं धरू नये. हे सगळं पुढच्या स्थानिक निवडणुकीच्या घोषणेआधी सनदेत आलं पाहिजे. नाहीतर उमेदवार याद्या पुन्हा एकाच पालिलुलासाठी लागतील आणि चार वर्षं तशीच जातील.